दोन फुटी टाकी, मासे आणि श्रिंप: आधी टाकी कुणाची ते ठरवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकलं असेल तर सांगा. पुण्यात उंड्रीला फ्लॅट, हॉलमध्ये दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी, लावून तीन आठवडे झालेत. आत सहा गप्पी, दोन गोल्डफिश आणि ‘काच चाटून साफ ठेवतो’ म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेला एक सकर. दुसरीतल्या लेकीला लाल श्रिंप, म्हणजे शोभेची छोटी कोळंबी, आवडले म्हणून दहा चेरी जातीचे आणलेत, चौथ्या दिवशी तीनच दिसले. सोसायटीत पालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ६४०. आणि तुम्ही विचारताय, श्रिंपला न खाणारे मासे कोणते?

असा मासा नाहीच म्हटलं तरी चालेल. तोंडात मावेल ते खायचं, एवढंच माशाला कळतं. चेरीचं नुकतं जन्मलेलं पिल्लू दोन-तीन मिलिमीटरचं असतं. ते गप्पी खातो, निऑन खातो, दुकानदार ‘एकदम शांत’ म्हणून देतो तो मासाही खातो. त्यामुळे कुणी हा प्रश्न विचारला की मी उलट विचारते: टाकी कुणाची? श्रिंप वाढवायचेत आणि सोबत चार मासे हवेत, की मासे ठेवायचेत आणि सोबत चार श्रिंप फिरले तर बरं? या दोन वेगळ्या टाक्या आहेत. गेली पंधरा वर्षं मी पुण्यात लोकांच्या घरी, दवाखान्यांत टाक्या लावून देते आणि सांभाळते. निम्म्या तक्रारी हे आधी न ठरवल्यामुळे येतात.

पण तुमचे सात श्रिंप सगळे माशांनी खाल्ले असं मला वाटत नाही. दोन सेंटिमीटरचा श्रिंप गप्पीच्या तोंडात जातच नाही. गोल्डफिशच्या जातो, एखाददुसरा त्यांनी गिळला असेल. बाकीचे बहुधा पाण्याने गेले आणि मेल्यावर रात्रीत इतरांनी साफ केले, म्हणून ‘गायब’ झाले. तीन आठवड्यांची टाकी दिसायला कितीही स्वच्छ असली तरी कच्ची असते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, त्याचं पुढे नायट्रेट होतं. पहिले दोन विषारी, तिसरं पाणी बदलून काढता येतं. तुमच्याकडे हे चक्र बसायच्या आतच दोन गोल्डफिश आणि एक सकर आले, म्हणजे टाकीतली सगळ्यात जास्त घाण करणारी मंडळी. त्यात बोअरचं पाणी अल्कधर्मी असतं, आणि पीएच जितका वर तितका तोच अमोनिया जास्त विषारी. गप्पी यातून तरतात. श्रिंप तरत नाहीत.

टाकीचं गणितही सांगते. दोन बाय एक बाय एक म्हणजे हिशोबाने ५६ लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी ४५ लिटरच्या आसपास उरतं. गोल्डफिश वीतभर होणारा मासा आहे आणि दिवसभर खात-हगत असतो. सकर तर फूट ओलांडून दीड फुटाकडे जातो. दुकानात तो बोटाएवढा असतो, म्हणून कुणी विचारत नाही. या तिघांना जागा नाही, हे श्रिंप आणले नसतेत तरी मी सांगितलंच असतं.

आता पाण्याकडे येते, कारण पुण्यात कोणते मासे ठेवायचे हे तुमच्या आवडीआधी तुमचा नळ ठरवतो. पालिकेचं पाणी खडकवासला साखळीतलं, सह्याद्रीत पडलेल्या पावसाचं, त्यामुळे मऊ. माझ्या कोथरूडच्या नळाला टीडीएस शंभरच्या आसपास असतो. बोअरचं पाणी खडकातून मुरत आलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं, मीटर पाचशे-आठशे दाखवतो. एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांत दोन वेगळ्या नद्यांचं पाणी असावं इतका फरक मी पाहिलाय. तुमचं ६४० म्हणजे बोअर आणि टँकरचा वाटा मोठा आहे, आणि टँकर बदलला की आकडाही बदलणार. श्रिंपला आकड्यापेक्षा हे बदलणं जास्त बाधतं.

टीडीएस मीटरवर मात्र सगळा विश्वास टाकू नका. तो पाण्यात किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते नाही. बाणेरला एका घरी श्रिंप सारखे मरत होते. टीडीएस ४५०, अमोनिया शून्य, टाकी वर्षभर जुनी, मासे नावालाही नाहीत. मेलेला एक श्रिंप मी चमच्यात घेऊन उजेडात धरला. डोकं आणि धड जुळतं तिथे पाठीवर पांढरी रिंग होती, कुणी दोरा बांधावा तशी. कात टाकताना कवच जिथे उकलायला हवं तिथे न उकलता गोल फाटलं होतं. हे खनिजांच्या कमतरतेने होतं, आणि मी बुचकळ्यात पडले, कारण ४५०च्या पाण्यात कॅल्शियम कमी कसं? हात धुवायला बेसिनवर गेले तर साबणाचा बुळबुळीतपणा हातावरून जाईना. तेव्हा विचारलं, सोसायटीत सॉफ्टनर प्लांट आहे का? होता. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. मीटरचा आकडा फारसा हलत नाही आणि श्रिंपच्या कवचाला लागणारं सगळं निघून जातं. जीएच, म्हणजे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते, थेंबांच्या किटने मोजलं तर एक थेंब टाकताच रंग बदलला, म्हणजे जीएच फार तर १. चेरीला ६ ते १० लागतो. त्या घरात स्वयंपाकघरातला पिण्याच्या पाण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर होता. महिनाभरात हळूहळू त्या पाण्यावर आणलं आणि कातीवरची मर थांबली.

तर तुमचं पहिलं काम: सोसायटीच्या ऑफिसात सॉफ्टनरचं विचारा आणि एक जीएच किट आणा. सॉफ्टनर नसेल तर ६४०चं पाणी सौम्य करणं सोपं आहे, घरी आरओ असेलच. एक भाग नळाचं आणि दोन भाग आरओचं घेतलं की २४०च्या आसपास येतं, चेरीला ते छान मानवतं. आठवड्याला नऊ लिटर बदलायचं, म्हणजे तीन लिटर नळाचं, सहा लिटर आरओचं. नुसतं आरओचं पाणी घालू नका, त्यात खनिजं जवळजवळ नसतात, बाणेरसारखंच होईल. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी तर अजिबात नको, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात. ते फरशी पुसायला ठीक.

उलट बाजूने, पेठांत किंवा कोथरूडला मऊ पाणी असणाऱ्यांना मी कॅल्शियमसाठी समुद्रफेस टाकायला सांगते. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, अंगठ्याएवढा तुकडा पुरतो. तुमच्या पाण्यात तो विरघळणार नाही, नुसता पडून राहील, त्यामुळे तुम्ही तो खर्च करू नका.

पाणी बदलण्याचा वार शुक्रवार ठेवू नका. गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी पहिलं येतं ते गढूळ आणि कमी दाबाचं. पावसाळ्यात पालिका क्लोरीन वाढवते, तेव्हा बादलीत अँटीक्लोरीन टाका किंवा रात्रभर एअर पंपाची नळी सोडून ठेवा. दोन्ही चालतं.

आता मासे. तुमचं पाणी जड आहे आणि गप्पी आधीपासून आहेत, म्हणून पहिली निवड तीच, फक्त नर ठेवा. रंगीत, लहान, पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार तो नर. फिकट आणि पोट सुटलेली ती मादी. मादी दर महिन्याला पिल्लं देते, कधी वीस, कधी पन्नास, आणि नर काढून टाकला तरी साठवलेल्या बीजावर पुढचे काही महिने देत राहते. ४५ लिटरमध्ये दिवाळीपर्यंत गप्पींचं मंगल कार्यालय होईल. गप्पीचाच छोटा चुलतभाऊ एंडलर मिळाला तर आणखी चांगलं. नर अडीच सेंटिमीटरचा, तोंड बारीक, पाणी तुमच्यासारखंच आवडतं. सहा नर एंडलर आणि पंधरा चेरी, एका कोपऱ्यात जावा मॉस या पाणवनस्पतीचा दाट गठ्ठा, ही टाकी उंड्रीच्या पाण्यावर नीट चालते. पिल्लं काही खाल्ली जातील. मॉस दाट असेल तर जगतात त्यांची संख्या पुरून उरते.

पाणी मऊ करून घ्यायची तयारी असेल तर एम्बर टेट्रा. दोन सेंटिमीटरचा, विस्तवासारखा रंग, आठ जणांचा घोळका झाडांमधून फिरतो आणि मोठ्या श्रिंपकडे ढुंकून बघत नाही. माझ्या स्वतःच्या घरी हेच आहेत. चिली रासबोरा त्याहूनही छोटा, पण मूळ बोर्निओच्या आम्लधर्मी, पानांच्या काढ्यासारख्या पाण्यातला. सोसायटीच्या पाण्यावर त्याच्या वाटेला जाऊ नका. निऑन सगळे घेतात. मोठ्या श्रिंपसोबत राहतो, पिल्लं मात्र टिपतो, आणि मे महिन्यात गळपटतो. ओटो हा एक मासा मी श्रिंपच्या टाकीत निर्धास्त सोडते, कारण तो शेवाळच खरवडतो. पण नव्या टाकीत शेवाळ नसतं आणि तो उपाशी मरतो, म्हणून सहा महिन्यांआधी नाही.

बेट्टाचं लोक फार विचारतात. एका बेट्टाने माझ्याकडे दोन वर्षं चेरींसोबत सुखाने काढली. तो गेल्यावर तशाच निळ्या रंगाचा दुसरा आणला, त्याने पहिल्या तासात तीन श्रिंप फोडले. बेट्टा स्वभावावर आहे आणि स्वभाव दुकानात कळत नाही. एंजल, टायगर बार्ब आणि पी पफर या तिघांबद्दल चर्चाही नको. पी पफर जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, गोड दिसतो आणि श्रिंपचे डोळे आधी काढतो. सगळ्या लोच मंडळींचंही तेच. दुकानात झेब्रा लोच दिसतो, तो आपल्याच सह्याद्रीच्या ओढ्यांतला मासा आहे आणि त्याची नोंद आता संकटग्रस्त म्हणून आहे. माझ्या मते तो ओढ्यातच राहू द्यावा, श्रिंप असोत नसोत.

धोका माशांकडूनच असतो असंही नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एका दुकानातून ‘घोस्ट श्रिंप’ म्हणून दहा पारदर्शक श्रिंप आणले, स्वस्त होते. दोन महिन्यांत निऑन बारावरून सातवर आले. कुठे मेलेला दिसेना, पाणी ठीक. एका रात्री अकराच्या सुमारास टॉर्च मारला तर एक ‘घोस्ट’ झोपलेल्या निऑनला शेपटीकडून धरून कुरतडत होता. पुढचे दोन पाय लांब, टोकाला बारीक चिमटे. नदीतल्या मोठ्या झिंग्याची ती पिल्लं होती, बोटभर झाल्यावर कळलं. तेव्हापासून श्रिंप घेताना मी पिशवी उजेडात धरून पुढचे पाय बघते. डोक्याच्या पुढे लांब निघालेले चिमटे दिसले तर घेत नाही. आमच्या सासूबाई सगळ्यांनाच जवळा म्हणतात, त्यांच्या लेखी हा प्रश्न कांदा चिरून सुटतो.

चेरीऐवजी अमानो हा पर्याय आहे. पाच सेंटिमीटरपर्यंत होतो, बहुतेक छोटे मासे त्याच्या नादी लागत नाहीत, शेवाळ चेरीपेक्षा भराभर खातो. त्याची पिल्लं खारट पाण्याशिवाय जगत नाहीत, त्यामुळे संख्या आहे तेवढीच राहते. लेकीला पिल्लं बघायची असतील तर चेरीच. क्रिस्टल रेड श्रिंप मात्र कुणी कितीही गळ घातली तरी नको. त्याला मऊ, आम्लधर्मी आणि २४ अंशांच्या आतलं पाणी लागतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये ते चिलर लावून सांभाळावे लागतात.

एप्रिल निघालाच आहे तर तापमानाचं. भिंत पश्चिमेची असेल तर मे महिन्यात टाकी ३२ अंशांना जाते, जानेवारीच्या पहाटे १९ला येते. मला भीती उन्हाळ्याची जास्त, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. झाकण काढा, वर जाळी टाका आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून छोटा पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून पातळी भरताना फक्त आरओचं घाला. बर्फाची बाटली सोडू नका, एकदम खाली-वर होतं. हिवाळ्यात ५० वॉटचा हीटर २४ला लावलात की झालं.

आणि आता ते, जे दुकानात कुणीच सांगत नाही. डासांचं मशिन टाकीजवळ लावता का? त्या द्रवात आणि बहुतेक स्प्रेमध्ये जे रसायन असतं ते कीटकांसाठी बनवलेलं आहे, आणि श्रिंप कीटकांच्या जवळचे नातेवाईक आहेत. वर आपला एअर पंप खोलीतली तीच हवा ओढून बुडबुड्यांनी थेट पाण्यात मिसळतो. दिवाळीआधी पेस्ट कंट्रोल झालं की मला दर वर्षी दोन-तीन फोन येतात, ‘मासे ठीक आहेत, श्रिंप सगळे आडवे’. हॉलमध्ये मशिन नको. पेस्ट कंट्रोल करायचंच असेल तर झुरळांची जेल लावून घ्या, ती हवेत उडत नाही. सोसायटीत धुराची गाडी आली तर टाकी ओल्या चादरीने झाका, खिडक्या लावा आणि अर्धा-पाऊण तास पंप बंद. माशांच्या औषधाच्या बाटलीवर कॉपर किंवा तांबं लिहिलंय का तेही बघत जा, त्याने श्रिंप जात नाहीत असं मी पाहिलेलं नाही.

आता तुमच्या घरी क्रमाने काय. या शनिवारी गोल्डफिश आणि सकर परत करा. दुकानदाराने पैसे दिले नाहीत तरी द्या, किंवा मोठी टाकी असलेला कुणी शोधा. ओढ्यात, तळ्यात सोडू नका. सकर तिथे मरत नाही, वाढतो. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत मच्छीमारांच्या जाळ्यात तेच भरून येतात, ती पीडा इथे नको. फिल्टर पंख्यासारखा ओढणारा असेल तर त्याच्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर साधा एअर पंपावरचा स्पंज फिल्टर आणा, पिल्लं त्यात ओढली जात नाहीत. कुणाची जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा मळका स्पंज तुमच्या टाकीत पिळा. पाणी दोन दिवस चहासारखं दिसेल, घाबरू नका, आठवडे वाचतात. रस्त्यावर देशी बदामाची लाल होऊन गळलेली पानं असतात, जिथे फवारणी होत नाही तिथली दोन धुऊन, वाळवून टाका. श्रिंप त्यावर बसून चरतात.

मग महिनाभर काही घेऊ नका. अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य आले की बारा-पंधरा चेरी आणा, दीड सेंटिमीटरचे, तरणे. अंडी धरलेली मोठी मादी दाखवून दुकानदार भुलवेल, पण ती प्रवासात अंडी टाकते. पिशवी थेट ओतू नका. मेडिकलमधून सलाइनचा सेट आणा, श्रिंप छोट्या डब्यात ठेवा आणि टाकीचं पाणी सेकंदाला दोन थेंब असं दीड-दोन तास पडू द्या. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या पालकाचं पान पुरे, उरलेलं सकाळी काढा.

आता जे तीन उरलेत त्यांचं. लाइट बंद करून अर्ध्या तासाने मुलीला टॉर्च देऊन मोजायला बसवा, तीनच आहेत की आणखी कुणी दगडाखाली आहे ते कळेल. तळाशी पारदर्शक, पोकळ श्रिंप पडलेला दिसला तर ती कात आहे, राहू द्या, ते स्वतःच खातात. शिजवलेल्या कोळंबीसारखा गुलाबी, दुधाळ झाला असेल तर तो मेलेला, लगेच काढा. आणि जीएच किती आला ते कळवा. दोनच्या आत असेल तर वरचं आरओचं प्रमाण धरू नका, आधी सॉफ्टनरच्या आधीचा नळ शोधावा लागेल.